ट्रकचे एअर ब्रेक सैल झालेत का, हे पायाला कळत नाही

कारवरून ट्रककडे आलेल्यांची पहिली गफलत इथेच होते. कारमध्ये पेडल जरा जास्त खाली गेलं की पाय लगेच ओळखतो. ट्रकच्या पेडलखाली फक्त एक व्हॉल्व्ह असतो. पेडल दाबलं की तो टाकीतली हवा चाकाजवळच्या चेंबरकडे सोडतो, बस. त्या हवेने पुशरॉड, म्हणजे चेंबरमधून बाहेर येणारा दांडा, एक इंच बाहेर आला की अडीच इंच, पायाला काही फरक जाणवत नाही. रोजच्या हलक्या ब्रेकवर गाडी थांबतेही नीट. सैल ब्रेकचं खरं रूप दिसतं ते भरली गाडी घाट उतरताना, ड्रम तापलेले असताना, किंवा समोर अचानक कोणी आडवं आल्यावर. तेव्हा दुरुस्तीला वेळ नसतो.

म्हणून चाकाखाली वाकून पुशरॉडची चाल मोजायची, भरवशाची पद्धत हीच. खाली दिलेली सगळी माहिती एस-कॅम ड्रम ब्रेकची आहे. एअर डिस्क ब्रेकमध्ये अॅडजस्टर, म्हणजे झिजेने वाढलेलं अंतर भरून काढणारा भाग, कॅलिपरच्या आत असतो. तिथे पॅडची जाडी आणि कॅलिपरची हालचाल बघतात, त्यामुळे ही मापं तिथे लावू नका.

१. आधी आत काय हलतं ते समजून घ्या

हवा चेंबरमधल्या रबरी डायफ्रामला ढकलते आणि डायफ्राम पुशरॉडला. पुशरॉडच्या टोकाला क्लेविस पिनने जोडलेली दांडी म्हणजे स्लॅक अॅडजस्टर. ही दांडी कॅमशाफ्ट फिरवते आणि शाफ्टच्या टोकाचा एस आकाराचा कॅम दोन्ही शू ड्रमवर दाबतो.

आता आकडे बघा. टाइप ३० चेंबर म्हणजे डायफ्रामचं कामाचं क्षेत्रफळ ३० चौरस इंच. १०० पीएसआय, म्हणजे सुमारे ६.९ बार दाबाला पुशरॉड ३००० पौंडांनी, साधारण १३६० किलोंच्या जोराने ढकलला जातो. स्लॅकची दांडी ६ इंच आणि कॅमची परिणामकारक त्रिज्या अर्ध्या इंचाच्या आसपास, त्यामुळे हा जोर आणखी बारापट होतो. पण जोर बारापट, तर चालही बारापट लागते. शूच्या रोलरला १ मिमी जास्त सरकावं लागलं, तर पुशरॉडला १२ मिमी जास्त बाहेर यावं लागतं. शूवरचे घासणारे अस्तर, म्हणजे लायनर, झिजतात, ड्रम झिजतो, पिन आणि बुश ढिले होतात. प्रत्येक वेळी फरक कागदाच्या जाडीएवढाच असतो, पण पुशरॉडवर तो बारापट दिसतो.

साध्या टाइप ३० चेंबरची एकूण चाल अडीच इंच, म्हणजे ६४ मिमी. तिथे पोचल्यावर आतली तबकडी चेंबरच्या तळाला टेकते. मग टाकीत कितीही हवा असली तरी शूपर्यंत जोर जात नाही. शिवाय जोर थेट शेवटच्या टोकालाच संपतो असंही नाही. चालीच्या शेवटच्या भागात तो झपाट्याने उतरू लागतो.

यात उष्णता धरा. ४१९ मिमी व्यासाचा बिडाचा ड्रम ३०० अंश सेल्सियसने जास्त तापला, तर त्याचा व्यास जवळपास १.४ मिमी वाढतो. ड्रम शूपासून दूर जातो, आणि बाराच्या हिशेबाने पुशरॉडला सेंटीमीटरभर किंवा त्याहूनही जास्त चाल लागते. थंड असताना ५२ मिमी दाखवणारा ब्रेक घाटाच्या मध्यावर शेवटच्या टोकाला पोचलेला असू शकतो. चेंबरची चाल ६४ मिमी असताना मर्यादा ५१ मिमीची का, याचं उत्तर या गणितात आहे.

२. सामान जवळ ठेवा

- चाकाखाली लावायला चार मजबूत ठोकळे (दगड किंवा विटा नकोत, त्या घसरतात आणि फुटतात)
- खडू किंवा वेल्डिंगवाल्यांचा साबणखडू
- मिलिमीटर खुणांची स्टीलची पट्टी
- अॅडजस्टरच्या नटाला बसणारा पाना. हाताने करायच्या स्लॅकवर बहुधा ९/१६ इंची किंवा १४ मिमी लागतो
- छोटी पहार, हातोडी, बॅटरी, चष्मा, हातमोजे
- पेडल दाबून धरायला माणूस. माणूस नसेल तर पेडल आणि सीट यांच्यामध्ये अडकवायची ब्रेकची काठी
- गाडीच्या कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल आणि एक वही

पाना अचूक बसणारा घ्या. नटाचे कोपरे एकदा गोल झाले की पुढचा माणूस तो नट सोडून देतो, आणि मग तो ब्रेक कधीच अॅडजस्ट होत नाही.

३. गाडी उभी करा आणि पार्किंग ब्रेक सोडा

सपाट जागा, थंड ड्रम. चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा आणि मग पार्किंग ब्रेक सोडा. नवशिके पार्किंग ब्रेक सोडायला हमखास विसरतात. मागच्या एक्सलवर जुळा चेंबर असतो, आणि त्याच्या एका भागात दाबून बसवलेली जबरदस्त स्प्रिंग असते. पार्किंग ब्रेक लावला की ती हवेशिवाय पुशरॉड बाहेर ढकलते. त्या स्थितीत मोजलंत तर रॉड आधीच बाहेर आलेला असतो. मग चाल खोटी कमी दिसते आणि सैल ब्रेक पास होतो.

इंजिन चालू करून कटआउटपर्यंत, म्हणजे हवा भरणं आपोआप थांबेपर्यंत, हवा भरा, इंजिन बंद करा, चावी खिशात घाला. पेडल काही वेळा दाबून टाकीचा दाब ६.२ ते ६.९ बारवर, म्हणजे ९० ते १०० पीएसआयवर आणा. मोजमाप या दाबालाच घ्यायचं. ४ बारला मोजलंत तर रॉड कमी बाहेर येतो आणि सगळं ठीक वाटतं.

त्या स्प्रिंगच्या भागाचा क्लॅम्प कधीही खोलू नका. आतली स्प्रिंग सुटली तर माणूस जागीच जाऊ शकतो. हवा नसताना पार्किंग ब्रेक सोडायचाच असेल, तर त्यासाठी चेंबरसोबत येणारा केजिंग बोल्ट वापरा.

४. चेंबर कोणता आहे ते ओळखा

चेंबरवर किंवा क्लॅम्पवर टाइप लिहिलेला असतो, पण चिखलात तो बहुधा वाचता येत नाही. तेव्हा क्लॅम्पचा बाहेरचा व्यास मोजा. टाइप २० साधारण १७२ मिमी, टाइप २४ साधारण १८३, टाइप ३० साधारण २०६. हवेची नळी जिथे जोडतात तो उंचवटा चौकोनी असेल, तर चेंबर लाँग स्ट्रोक, म्हणजे जास्त चालीचा. साध्या चेंबरवर तो गोल असतो.

उत्तर अमेरिकेत रस्त्यावरच्या तपासणीत या मर्यादा पाळतात, आणि त्या प्रकारच्या चेंबरला त्या कुठेही उपयोगी पडतात:

- टाइप १६, २०, २४ साधा: ४४ मिमी (पावणेदोन इंच)
- टाइप १६, २०, २४ लाँग स्ट्रोक: ५१ मिमी (दोन इंच)
- टाइप ३० साधा: ५१ मिमी
- टाइप ३० लाँग स्ट्रोक, आणि ३ इंच एकूण चालीचा टाइप २४: ६४ मिमी (अडीच इंच)

तुमच्या चेंबरच्या कंपनीने वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळा. साध्या टाइप ३०ला लाँग स्ट्रोकचा ६४ मिमीचा आकडा लावणं ही जीवघेणी चूक आहे, कारण साध्या चेंबरमध्ये ६४ मिमी म्हणजे शेवटचं टोक. एकाच एक्सलवर एका बाजूला साधा आणि दुसऱ्या बाजूला लाँग स्ट्रोक चेंबर दिसला, तर आधी ते सारखे करा, मग पुढे जा.

५. चाल मोजा

ब्रेक सुटलेला असताना चेंबरच्या तोंडापासून क्लेविस पिनच्या मध्यापर्यंतचं अंतर पट्टीने घ्या. किंवा रॉड चेंबरमधून जिथे बाहेर पडतो, नेमकी तिथे खडूची रेघ मारा. मग मदतनीसाला सांगा, "पूर्ण दाब, धरून ठेव". रॉड बाहेर येईल. पुन्हा तेच अंतर मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे चाल.

उदाहरण घ्या. साधा टाइप ३०. डावीकडे सुटलेला ७६, दाबलेला १२१. चाल ४५ मिमी, ठीक. उजवीकडे सुटलेला ७४, दाबलेला १२७. चाल ५३ मिमी, मर्यादेबाहेर. दोन बाजूंमधला ८ मिमीचा फरकही चांगला नाही. जोरात ब्रेक मारल्यावर गाडी डावीकडे ओढेल आणि डावा ड्रम एकटाच तापेल. एका एक्सलच्या दोन्ही बाजू ६ मिमीच्या आत ठेवायचा प्रयत्न करा.

पेडल दाबलेलं असताना तिथला कोनही बघून घ्या. पुशरॉड आणि स्लॅकची दांडी यांच्यात साधारण काटकोन हवा. दांडी काटकोनाच्या बरीच पुढे झुकलेली दिसली, तर हवा पुरेशी असूनही कॅमला पुरता जोर मिळत नाही.

प्रत्येक चाकानंतर टाकीचा दाब बघा. पेडल दाबताना हवा खर्च होते, म्हणून दोन-चार चाकांनंतर पुन्हा भरावी लागते. आणि मदतनीसाला पेडल दाबायला सांगण्याआधी हात चेंबर आणि स्लॅकच्या मधून बाहेर काढा. तो रॉड हजार किलोंहून जास्त जोराने सरकतो.

६. हाताने करायचा स्लॅक अॅडजस्टर

नटाभोवतीची माती तारेच्या ब्रशने काढा. नटाला वेढणारी लॉक कॉलर असते. पाना बसवून ती आत दाबा, तेव्हाच नट फिरतो. आता सावकाश फिरवत कॅमशाफ्टचं टोक बघा. ब्रेक लागताना कॅम ज्या दिशेने फिरतो, त्याच दिशेने तो आता फिरायला हवा. पुशरॉड चेंबरमधून बाहेर ओढला जाऊ लागला, तर समजा तुम्ही उलटं फिरवताय. थांबा आणि दिशा बदला.

शू ड्रमला टेकले की नट घट्ट होतो. धूळ-पत्र्याला खिडकी असेल तर लायनर आणि ड्रममधली फट मिटलेली तिथून दिसते. इथून पाव ते अर्धा फेरा मागे घ्या. मग पाना काढा आणि लॉक कॉलर पूर्ण बाहेर येऊन नटाच्या कोपऱ्यांवर बसली का ते बोटाने चाचपा. ती अर्धवट राहिली तर गाडीच्या कंपनामुळे नट फिरून ब्रेक पुन्हा सैल होतो, आणि दोन दिवसांनी कोणी म्हणतं, अॅडजस्ट केलं तरी टिकत नाही.

आता ड्रमवर हातोडीने हलकी टिचकी मारा. शू सुटलेले असतील तर ड्रम घंटेसारखा खणखणतो. शू घासत असतील तर आवाज बोदा येतो, लाकडावर मारल्यासारखा. बोदा आवाज आला तर आणखी पाव फेरा सोडा. चाक उचललेलं असेल तर हाताने फिरवून बघा. पार्किंग ब्रेक लावलेला असताना ही परीक्षा करू नका, तेव्हा ड्रम बोदाच वाजणार.

शेवटी पुन्हा मोजा. साध्या टाइप ३०वर सगळं ठीक असेल तर चाल साधारण ३५ ते ४५ मिमीत येते. इतकं केल्यावरही मर्यादेजवळच राहिली, तर दोष अॅडजस्टमेंटचा नाही. तो पुढच्या भागात शोधा.

७. ऑटोमॅटिक स्लॅक असेल तर पाना खिशातच ठेवा

या लेखातलं हे एकच कलम पाळलंत तरी पुष्कळ झालं.

ऑटोमॅटिक अॅडजस्टरवरही नट असतो. तो नवीन लायनर बसवताना पहिली जुळणी करण्यासाठी आहे. चाल वाढलेली दिसली की लोक तो फिरवतात, चाल कमी होते आणि गाडी निघते. पण अॅडजस्टरने स्वतः काम का केलं नाही, हा प्रश्न तसाच राहतो. काही दिवसांत चाल पुन्हा वाढते, आणि या वेळी ती मोजायला कोणी वाकत नाही, कारण "परवाच केलंय". शिवाय काही प्रकारांत आतला खटका न उचलता नट उलटा फिरवला तर दाते तुटतात.

चाल मर्यादेबाहेर दिसली तर आधी टाकी भरून पूर्ण दाबाने पाच-सहा वेळा ब्रेक लावा आणि सोडा. हा अॅडजस्टर प्रत्येक वेळी थोडाच घट्ट होतो, एकदम सगळं अंतर भरत नाही. पुन्हा मोजा. चाल आत आली तर ठीक, नोंद करून ठेवा आणि पुढच्या फेरीला त्या चाकाकडे आधी बघा.

आत आली नाही, तर मोकळी चाल तपासा. ब्रेक सोडलेला असताना स्लॅकच्या दांडीला पहार लावून लायनर टेकेपर्यंत ती पुढे ओढा. पुशरॉड किती सरकला ते मोजा. ड्रम ब्रेकला ती १० ते १६ मिमी असायला हवी. दोन वेगवेगळे दोष इथे वेगळे पडतात:

मोकळी चाल जास्त आहे, म्हणजे अॅडजस्टर आपलं काम करत नाही. त्याची कंट्रोल दांडी सुटली किंवा वाकली आहे का, तिचा ब्रॅकेट ढिला आहे का, क्लेविस पिन झिजली आहे का, बसवताना कोन चुकला आहे का, हे बघा. नट सैल करायच्या दिशेने फिरवताना काही जातींत बराच जोर लागतो आणि कट्-कट् आवाज येतो. तिथे तो सहज फिरला तर आतला क्लच गेलेला असतो, आणि तो बदलावा लागतो. मात्र खटक्याच्या जातीवर ही परीक्षा करू नका. जात माहीत नसेल तर आधी मॅन्युअल बघा.

मोकळी चाल ठीक आहे, पण दाबल्यावरची चाल मर्यादेबाहेर. तर अॅडजस्टर निर्दोष आहे आणि खोट बाकीच्या ब्रेकमध्ये आहे. कॅमशाफ्टचे बुश झिजलेत, ड्रम पातळ होऊन फाकतोय किंवा तडकलाय, चेंबरचा ब्रॅकेट दाबाखाली वाकतोय, शूच्या पिना किंवा रोलर झिजलेत. कॅमशाफ्ट पहारीने वर-खाली हलवून बघा. पाऊण मिलिमीटरहून जास्त हलला तर बुश बदला. इथे नवा अॅडजस्टर बसवणं म्हणजे पैसे वाया, आणि ब्रेक तसाच.

नवीन लायनर टाकल्यावर पहिली जुळणी करताना शू टेकवून कंपनीनुसार अर्धा ते पाऊण फेरा मागे घेतात. पुढचं काम अॅडजस्टरचं.

८. मोजमाप बरोबर असूनही जिथे घात होतो

गरम ड्रमवर अॅडजस्ट करणं. फुगलेल्या ड्रमला शू टेकवले आणि मग ड्रम थंड होऊन आकसला, की लायनर घासत राहतात. चाक तापतं, लायनर चकचकीत काचेसारखे होतात आणि ब्रेक उलट कमी लागतो.

एकच चाक करणं. ज्याला घट्ट केलं ते सगळ्यांचं काम ओढतं.

ट्रेलर विसरणं. भरल्या गाडीचा मोठा भार ट्रेलरवर असतो, आणि त्याचे ब्रेक सैल असले तर पुढे ओढणाऱ्या गाडीचे ड्रम जळतात. तेव्हा त्यांनाही तीच पट्टी लावा.

लायनर न बघता घट्ट करणं. जाडी ६ मिमीच्या आसपास आली असेल, तेल किंवा ग्रीस लागलं असेल, चिरा गेल्या असतील, तर आधी लायनर. आणि ती भुकटी हवेच्या नळीने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

ग्रीसचंही तसंच. कॅमशाफ्टचे बुश आणि अॅडजस्टर यांना ताजं ग्रीस दिसेपर्यंत ग्रीस मारा, पण ते ड्रमकडे जाऊ देऊ नका. अनेक ऑटोमॅटिक अॅडजस्टरच्या क्लचला मोली ग्रीस चालत नाही, तेव्हा डबा उघडण्याआधी मॅन्युअल उघडा.

९. किती वेळा, आणि वहीत काय

हाताने करायचे स्लॅक असतील तर निघण्याआधी रोज एकदा, आणि मोठ्या उताराच्या माथ्यावर पुन्हा. दरवेळी पट्टी लागत नाही. पुशरॉडवर मर्यादेच्या अंतरावर रंगाची बारीक रेघ कायमची मारून ठेवा. ब्रेक दाबल्यावर ती चेंबरच्या बाहेर आली की पाना काढायची वेळ झाली. ऑटोमॅटिक स्लॅकसाठी प्रत्येक सर्व्हिसला पट्टीने मोजा.

मोजताना हवेची गळतीही तपासून टाका. इंजिन बंद, पूर्ण पेडल दाबून एक मिनिट धरा. सुरुवातीची घट सोडून, एकट्या ट्रकवर दाब ३ पीएसआयहून आणि ट्रेलरसह ४ पीएसआयहून जास्त उतरला तर गळती शोधा. टाक्यांतलं पाणी काढायला एक मिनिट पुरतं.

वहीत प्रत्येक चाकासाठी एक ओळ: तारीख, किलोमीटर, सुटलेलं माप, दाबलेलं माप, चाल, मोकळी चाल, लायनरची जाडी. "ब्रेक ओके" असं लिहू नका, आकडे लिहा. डावं मागचं चाक तीन महिने ४१, ४१, ४२ दाखवतंय आणि उजवं ४१, ४५, ४९, तर उजवं अजून मर्यादेत असलं तरी त्याच्या बुश आणि पिना याच आठवड्यात खोलून बघा.